पाना लागतो तोवर

कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट सांभाळणाऱ्या माणसाला ‘आता नवी घेऊन टाका’ असं सांगणारे मला पटत नाहीत. नवीच घ्यायची असती तर त्याने केव्हाच घेतली असती. शोरूम तालुक्याच्या गावाला आहे, कर्ज तासाभरात मंजूर होतं. तरीही तो जुन्या गाडीला धरून आहे, म्हणजे त्याने विचार करून निवड केली आहे. तिला नुसता हट्ट म्हणणं हा त्याचा अपमान आहे.

हे इंजिन मूळचं इंग्लंडमधल्या रेडिचचं. भारतीय लष्कराला सरहद्दीवरच्या गस्तीसाठी गाड्या हव्या होत्या, त्यातून १९५५ मध्ये मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला एनफिल्ड इंडिया उभी राहिली. मूळ इंग्लिश कंपनी १९७० च्या आसपास बंद पडली. मद्रासचा कारखाना मात्र तेच इंजिन बनवत राहिला आणि १९७७ पासून ते उलट इंग्लंडलाच विकू लागला. ओतीव लोखंडाचा सिलिंडर, ७० मिलिमीटरचा बोअर, ९० चा स्ट्रोक, ३४६ सीसी, १८ हॉर्सपॉवर. गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या. पहिला गिअर वर, उरलेले तीन खाली. २०१० च्या सुमारास प्रदूषणाच्या नियमांपुढे या इंजिनाचं उत्पादन थांबलं.

ते सुरू करायलाही शिकावं लागायचं. चावी फिरवून ॲमीटरच्या काट्याकडे पाहायचं. किक हळूहळू दाबत न्यायची. काटा मध्यावर येऊन थांबला की पॉइंट उघडले. मग डाव्या हाताने डिकॉम्प्रेसर दाबून पिस्टन जरासा पुढे सरकवायचा, लिव्हर सोडायचा, किक पुन्हा वर येऊ द्यायची आणि मग पूर्ण वजन टाकून एकच किक. घाई केली की किक उलटी बसते आणि नडगी चार दिवस ठणकते. आज हे सगळं त्रासाचं वाटेल. पण ज्याला हे येतं त्याला आपल्या गाडीचा पिस्टन या क्षणी नेमका कुठे आहे हे कळतं. आज बटण दाबून निघणाऱ्या किती जणांना ते सांगता येईल?

निष्ठेचं मूळ इथे आहे. हे इंजिन माणसाला आत येऊ देतं. टॅपेट सेटिंगच घ्या. त्याला फीलर गेजही लागत नाही. इंजिन थंड असताना बाजूचं झाकण काढायचं आणि पुशरॉड दोन बोटांत फिरवून बघायचा. अडकत असेल तर घट्ट, वरखाली हलत असेल तर सैल, सहज फिरला तर बरोबर. मिस्त्रीच्या हाताखाली काम करणारं पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं हे आठवड्यात शिकतं. पॉइंटवर काजळी धरली तर पॉलिश पेपर पुरतो. पिस्टन झिजला तर लेथवाल्याकडे सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवायचा, की गाडीला पुढची काही वर्षं मिळाली. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या, ओतकाम आणि लेथवर वाढलेल्या वस्तीत अशा इंजिनाला वाली मिळतोच. ज्या वस्तूची दुरुस्ती आपल्या गावात होते ती वस्तू खऱ्या अर्थाने आपली असते, असं मी मानतो. बाकीच्या वस्तू आपण फक्त वापरतो.

प्रेम आहे म्हणून दोष लपवू नयेत. जुन्या बुलेटमधून तेल गळतं. ती जिथे उभी राहते तिथल्या फरशीला विचारा. तिचे ड्रम ब्रेक घाटाच्या उताराला दमतात. लांब पल्ल्यावर हँडलच्या थरथरीने बोटं बधिर होतात. तिचा धूर आपल्याच लेकरांच्या छातीत जातो. आईला मागे बसवून आंबोलीचा घाट उतरायचा असेल तर एबीएस असलेली नवी गाडीच घ्या, असं मी कुणालाही सांगेन. २०२० मध्ये मीटिओर या मॉडेलबरोबर आलेलं जे-सिरीज इंजिन कागदावर जेमतेम दोन हॉर्सपॉवरने मोठं आहे, २०.२. पण ते शांत चालतं, कमी थरथरतं, कमी धूर सोडतं. इंजिनिअरांनी मेहनत घेतली आहे आणि ती दिसते.

मग जुन्या गाडीवाल्यांचा नव्यावर इतका राग का? गंमत म्हणजे हा राग दर दहा-बारा वर्षांनी नव्याने येतो. २००९ मध्ये क्लासिक हे मॉडेल आलं. त्यात इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच पेटीत असलेलं यूसीई इंजिन होतं. तेव्हा कास्ट आयर्नवाले म्हणाले, ही बुलेटच नव्हे. गिअर डावीकडे गेला, टॅपेट हायड्रॉलिक झाले, पॉइंट संपले. पुढे जे-सिरीज आलं, तेव्हा तेच यूसीईवाले म्हणाले, फायरिंग गेलं. ज्यांना काल नकली ठरवलं होतं ते आज अस्सल ठरले. कास्ट आयर्न आणि यूसीई यांच्या मधल्या, ऑस्ट्रियाच्या एव्हीएल कंपनीच्या मदतीने केलेल्या ॲल्युमिनियमच्या इंजिनाची मात्र बाजू घ्यायला फारसं कुणी येत नाही.

तरीही यूसीईवाल्यांना भावनाप्रधान म्हणून झटकू नका. त्यांच्या कानाला जे जाणवलं ते मोजपट्टीवर दिसतं. ७० बाय ९० हे माप रेडिचपासून यूसीईपर्यंत टिकलं. जे-सिरीजमध्ये ते ७२ बाय ८५.८ झालं, स्ट्रोक आखूड झाला आणि थरथर गिळणारा बॅलन्सर शाफ्ट आला. लांब स्ट्रोक, जड फ्लायव्हील आणि सावकाश फिरणारं इंजिन, यामुळे प्रत्येक स्फोट सुटा ऐकू यायचा. ती डुगडुग इंजिनाच्या रचनेतून यायची.

म्हणूनच पुंगळीवाल्यांवर माझा राग आहे. बुलेट विकत घ्यायची, कंपनीचा सायलेन्सर काढून टाकायचा, पोकळ नळकांडं लावायचं आणि रात्री अकराला दवाखान्यासमोरून फटाके फोडत जायचं. याला कुणी निष्ठा म्हणू नये. पोलिसांनी असे सायलेन्सर भर चौकात रोडरोलरखाली चिरडले तर मला आनंदच होतो. ज्याने जन्मात कधी टॅपेटचं झाकण उघडलं नाही, त्याने फायरिंगच्या गप्पा मारू नयेत. कास्ट आयर्नच्या खऱ्या माणसाची गाडी मूळ सायलेन्सरमधून हळू आणि खोल बोलते. तिला ओरडावं लागत नाही.

दुसरा राग बाजारावर. जुन्या गाडीवरच्या आपल्या मायेची किंमत त्याला पक्की कळली आहे. जावा २०१८ मध्ये परत आली, येझदी २०२२ मध्ये. आकुर्डीच्या बजाजची चेतक २०२० मध्ये आली ती बॅटरीवर. टाकीचा गोलावा परत येतो, बिल्ला परत येतो, सोनेरी रेघ परत येते. आपल्या पान्याला उघडणारं इंजिन तेवढं परत येत नाही. यामाहा आरएक्स १०० चं उत्पादन थांबून तीस वर्षं होत आली, तरी तिची ९८ सीसीची टू-स्ट्रोक मोटर पोरं शोधत फिरतात, ती काय बिल्ल्यासाठी?

प्रदूषणाच्या बीएस-६ नियमांनंतर बहुतेक नव्या इंजिनांवर सेन्सर आले, पेट्रोल किती सोडायचं ते संगणक ठरवू लागला. हवेसाठी हे हवंच होतं, त्याला माझा विरोध नाही. पण मीटरवर पिवळा दिवा लागला की गल्लीतला मिस्त्री हात वर करतो. त्याचं कौशल्य कमी पडलेलं नसतं. तो दिवा का लागला हे वाचणारं यंत्र आणि त्याची माहिती त्याच्यापर्यंत पोचलेली नसते. स्वच्छ धूर आणि कुलूपबंद माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीच्या नावाखाली दुसरी आपल्या गळ्यात मारली जाते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरात पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही घेतली. पोर्टल चांगलं आहे. पण कंपनीला भाग पाडणारा कायदा त्यातून अजून आलेला नाही.

जुनी गाडी पंधरा वर्षांची झाली की आरटीओत जाऊन दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवावी लागते. तपासणी जरूर करा, धूर मोजा, ब्रेक पाहा. नापास झाली तर घरी पाठवा. पण वयाच्या दाखल्यावर कुठलीही गाडी भंगारात काढू नका. चाळीस वर्षं निगुतीने राखलेलं इंजिन हे कुणाच्या तरी हातांचं काम असतं.

आणि दिवाळीत कुणी शोरूममध्ये जाणार असाल, तर रंग आणि हप्ता यांच्या आधी एवढं विचारा: या इंजिनाचं सर्व्हिस मॅन्युअल आणि दोष वाचणारं यंत्र आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजला विकत मिळेल का? आणि पंधरा वर्षांनी याचा पिस्टन मिळेल का? उत्तर लेखी मागा. ते मिळेपर्यंत बुकिंगचे पैसे खिशातून काढू नका.