जगात जर्मनी, भारतात परभणी, फायलीत कोण?

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आम्ही परभणीवाले छाती फुगवून सांगतो. कशात, ते विचारायचं नसतं. विचारणारा हिंगोलीचा समजावा, 1999 साली वेगळा झालेला. पण 2025 च्या डिसेंबरात चारठाण्याच्या स्टँडवरच्या हॉटेलात हा प्रश्न एकदाचा निघाला, आणि तोही सोयाबीनच्या भावावरून नव्हे, मोबाईलवरून.

झालं होतं असं. 28 नोव्हेंबरला दिल्लीच्या दूरसंचार खात्यानं मोबाईल कंपन्यांना फर्मान काढलं: नव्वद दिवसांच्या आत प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप आधीपासून बसवा, आणि ते गिऱ्हाइकाला बंद पाडता येणार नाही असं बघा. देशभर बोंब उठली. मग मंत्री ज्योतिरादित्य शिंदे म्हणाले, नको असेल तर काढून टाका. 3 डिसेंबरला फर्मानच मागं घेतलं. कारण काय दिलं? लोक हे ॲप आपणहून इतकं घ्यायला लागलेत, की सक्तीची गरज उरली नाही. घोडा उधळून नवरदेव चिखलात पडावा आणि त्यानं म्हणावं, मला इथंच उतरायचं होतं, तसं.

हॉटेलात यावर जी चर्चा झाली तिचा इतिवृत्तांत देणं मला भाग आहे, कारण सरकारकडे तो असेलच याची खात्री नाही.

“एक ॲप गेलं म्हणून काय नाचायलात,” दीड एकरवाला एक जण म्हणाला. “माझ्या मोबाईलात सरकार आधीच खाट टाकून बसलंय.” त्याचं खरं होतं. 2021 पासून ई-पीक पाहणी आहे. स्वतःच्या रानात सोयाबीन उभं आहे हे सांगायला त्याला स्वतःच्या रानात उभं राहून फोटो काढावा लागतो. बायकोला ‘लाडकी बहीण’ची ई-केवायसी करावी लागली, बहीण खरीच लाडकी आहे का हे बघायला नवऱ्याचाही आधार नंबर लागला. रोजगार हमीच्या मस्टरला दिवसातून दोनदा फोटो. त्या फोटोंचं पुढं काय झालं, ते खुद्द केंद्राच्याच जुलै 2025 च्या पत्रकात आहे: कामाचा फोटो टाकायच्या जागी भलतेच फोटो, आणि कुठं कुठं तर फोटोचाच फोटो. पाळत ठेवणाऱ्याला गंडवायचं शिक्षण देशात एवढ्या झपाट्यानं दुसऱ्या कुठल्याच योजनेनं दिलं नसेल.

अंगणवाडीतला देखावा तर तिकीट लावून दाखवण्यासारखा. जुलै 2025 पासून पोषण आहाराचं पाकीट घ्यायला चेहऱ्याची पडताळणी लागते. दारात एक पोर कडेवर, एक पदराला. सेविकाबाई मोबाईल समोर धरतात. “पदर मागं घे. उजेडात ये. हनुवटी वर. आता डोळे मिचकव. परत मिचकव.” गावातल्या भल्या घरच्या सुनेनं भर अंगणवाडीत डोळे मिचकवायचे, तेही सरकारला. सासू दारातून बघत असते. ॲप म्हणतं, चेहरा जुळत नाही. आधारवरचा फोटो लग्नाआधीचा. मधे दोन बाळंतपणं झाली, चेहरा उतरला, हे ॲपला कोण सांगणार? मग रेंज जाते. सेविकाबाई मोबाईल घेऊन ओट्यावर चढतात, पोर रडतं, पाकीट टेबलावर तसंच. ज्याच्या नावानं हा आहार येतो त्यानं अजून एकदाही डोळे मिचकवलेले नसतात.

पण ही झाली सांगून ठेवलेली पाळत. आम्हाला जी कळत नाही तिची चर्चा हॉटेलात चहाच्या दुसऱ्या फेरीला निघाली.

फोन ऐकायला परवानगी लागते, असं कुणीतरी म्हणालं. लागते की. आपल्याकडे बेकायदा काहीच होत नाही, सगळं सहीनिशी होतं. 1885 चा तार कायदा होता. राणी व्हिक्टोरियाच्या अमदानीत तारा ऐकायला केलेला, तोच सव्वाशे वर्षांहून जास्त काळ टिकला आणि पुढं मोबाईल ऐकायलाही पुरला. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, बाबांनो, टॅपिंगला गृहसचिवाची सही हवी, दोन महिन्यांची मुदत हवी, पुनर्विलोकन समिती हवी. न्यायाधीशाची आधी परवानगी घ्या असं काही ते म्हणालं नाही. कायद्यात तशी तरतूदच नाही म्हणालं. संसदेनं 2023 मध्ये नवा दूरसंचार कायदा केला, 2024 च्या डिसेंबरात नियम आले, आणि न्यायाधीश अजूनही बाहेरच्या बाकावर बसलेले आहेत. म्हणजे अर्ज करणार पोलीस, मंजूर करणार गृहसचिव, आणि ते बरोबर होतं का हे तपासणार मुख्य सचिव आणि आणखी दोन सचिव. मंत्रालयातला एक मजला दुसऱ्या मजल्याला विचारतो, ऐकू का? दुसरा म्हणतो, ऐक. तिसरा म्हणतो, बरं ऐकलंस.

आणि सह्या किती? 2013 मध्ये माहिती अधिकारात केंद्रानं सांगितलेला आकडा आहे: फोन ऐकायचे महिन्याला साडेसात ते नऊ हजार आदेश. नऊ हजार धरले तर रविवारसुद्धा न सोडता रोजचे तीनशे. आठ तास दुसरं काहीही न करता, चहासुद्धा न पिता, दर दीड-पावणेदोन मिनिटाला एका नागरिकाच्या खासगीपणाचा साकल्यानं विचार. आमच्या तालुक्याला वारसाचा फेरफार घालायला किती महिने लागतात, हे मी मुद्दाम लिहीत नाही; वाचणारा रडेल.

“आपल्याकडं लपवण्यासारखं हायच काय?” एक जण म्हणाला. “दीड एकर अन् दोन लाख कर्ज. ऐकू द्या की.” हे वाक्य देशात सगळ्यात जास्त बोललं जातं आणि ऐकणाऱ्यांना सगळ्यात जास्त आवडतं. खरं सांगायचं तर चारठाण्यात खासगी काही नसतंच. कुणाच्या मुलीची सोयरीक कशावरून मोडली, कुणाचं सोनं कुणाकडे गहाण आहे, हे गोकुळेश्वराच्या बारवेवर बसलेल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण त्यात एक व्यवहार आहे. तुला माझं ठाऊक, मला तुझं ठाऊक, त्यामुळे दोघंही जपून बोलतो. सरकारला माझं ठाऊक. सरकारचं मला काय ठाऊक? हेही नाही, की त्याला माझं ठाऊक आहे.

आता खऱ्या मुद्द्यावर येतो. 2021 मध्ये नाना पटोले विधानसभेत उभे राहिले आणि म्हणाले, 2016-17 मध्ये मी खासदार असताना माझा फोन ऐकला गेला, आणि फायलीत माझं नाव होतं अमजद खान. अमली पदार्थांच्या धंद्यातला अमजद खान. बच्चू कडूंचा फोन निजामुद्दीन बाबू शेख या नावानं. 2019 मधले दोन प्रकार नंतर निघाले: संजय राऊत झाले एस. रहाटे, एकनाथ खडसे झाले खडासने. नावं ठेवणाऱ्यांची कल्पनाशक्ती खडसेंपर्यंत येता येता दमलेली दिसते. या टॅपिंगवरून 2022 मध्ये पुण्यात आणि मुंबईत आयपीएस अधिकारी रश्मी शुक्ला यांच्यावर गुन्हे दाखल झाले. मग सरकार बदललं. पुण्याच्या गुन्ह्यात पोलिसांनीच तपास बंद करायचा अहवाल दिला, मुंबईच्या गुन्ह्यात खटला चालवायला सरकारनं मंजुरी दिली नाही, आणि सप्टेंबर 2023 मध्ये उच्च न्यायालयानं दोन्ही गुन्हे रद्द केले. जानेवारी 2024 मध्ये शुक्ला बाई राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या. त्यांच्यावर काहीही सिद्ध झालेलं नाही, हे ठळक लिहून ठेवतो. माझाही एक फोन आहे.

पण मग अमजद खान कोण होता? गुन्हा रद्द झाला, फोन पटोलेंचा निघाला, आणि हा माणूस बेपत्ता. निदान सही करणाऱ्याला तरी शंका यायला हवी होती. ‘शोले’तला गब्बर 1992 सालीच गेला.

इथं गल्ल्यावरचे चाचा बोलले. चाचांचं हॉटेल, त्यामुळे चर्चेत ते सहसा पडत नाहीत, उधारी बुडते. पण त्या दिवशी गाळणी खाली ठेवून म्हणाले, “फोन उनका, नाम हमारा. वा!” आणि पुन्हा चहा गाळायला लागले.

कुणी हसलं नाही. कारण त्यात हसण्यासारखं फार कमी होतं. पुढाऱ्याचा फोन ऐकायचा म्हटल्यावर फायलीला एक गुन्हेगार लागतो, आणि गुन्हेगार म्हटल्यावर फायलीला कुठली नावं पटकन सुचतात, ते लिहिणाऱ्यानं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं. सही करणाऱ्यालाही ते नाव खटकलं नाही. खटकलं असतं, तर परवानगीची ही तीन मजली व्यवस्था चालते असं म्हणता आलं असतं. सगळे मजले वापरले गेले, सगळ्या सह्या झाल्या, फक्त माणूस दुसरा होता.

पूर्वी एवढ्याशा गोष्टीवरून लोक खुर्च्या सोडायचे, असं म्हटलं तर पोरांना थाप वाटते. 1988 मध्ये टॅपिंगवरून रामकृष्ण हेगडेंनी कर्नाटकचं मुख्यमंत्रिपद सोडलं. 1991 मध्ये राजीव गांधींच्या घराबाहेर हरियाणाचे दोन पोलीस घुटमळताना सापडले, काँग्रेस रुसली, आणि पंतप्रधान चंद्रशेखरांनी राजीनामा दिला. दोन पोलिसांत केंद्र सरकार! 2021 मध्ये पेगॅसस या फोनमध्ये घुसणाऱ्या हेर-सॉफ्टवेअरचं निघालं, न्यायालयाच्या समितीनं 29 फोन तपासले, 5 फोनमध्ये काहीतरी घुसलेलं सापडलं, ते पेगॅससच का हे ठरेना, आणि सरकारनं समितीला सहकार्य केलं नाही असं सरन्यायाधीशांनी भर न्यायालयात सांगितलं. राजीनामा सोडा, कुणी रजाही टाकली नाही. (हेरगिरी ही आपली परंपराच आहे, बहिर्जी नाईक आठवा, असं सांगणारे भेटतात. बहिर्जींनी सुरतेची खबर आणली होती. रयत हॉटेलात काय बोलते त्याची नाही.)

तर जर्मनी. आमच्यात एक निवृत्त गुरुजी आहेत, ते बराच वेळ गप्प होते. ते म्हणाले, जर्मनी जर्मनी करता, तर जर्मनीनं काय केलं ते ऐका. पूर्व जर्मनीत स्टासी नावाचं खातं होतं. एक कोटी साठ लाखांचा देश, खात्यात 91 हजार नोकर, वरून पावणेदोन लाखांवर खबरे. नुसत्या फायली एकापुढे एक मांडल्या तर 111 किलोमीटर. जानेवारी 1990 मध्ये लोक बर्लिनच्या मुख्य कचेरीत घुसले. त्याआधी तिथल्या साहेबांनी घाईघाईनं कागद हातानं फाडून पोती भरली होती. ती पोतीसुद्धा लोकांनी ठेवून घेतली आणि तुकडे जुळवत बसले. मग कायदा झाला, आणि 1992 पासून प्रत्येकाला स्वतःची फाईल वाचायला मिळाली. आजवर तीस लाखांवर अर्ज आले. एका बाईनं फाईल उघडली तर ‘डोनाल्ड’ नावाचा खबऱ्या सापडला, आणि तो तिचा नवरा निघाला.

“म्हणजे तिकडं खबऱ्या खोट्या नावाचा,” दीड एकरवाला म्हणाला, “अन् आपल्याकडं ज्याचं ऐकायलेत तोच.”

गुरुजींनी वर्गात हुशार पोराकडे बघावं तसं बघितलं.

“मग आपली फाईल आपल्याला कव्हा मिळणार?”

हा प्रश्न चांगला होता आणि उत्तर त्याहून चांगलं आहे. मिळणार नाही, कारण ती जाळलेली असते. नियमच तसा आहे: गरज संपली की टॅपिंगची कागदपत्रं ठरावीक मुदतीत नष्ट करायची. कशासाठी? तुमच्या खासगीपणाच्या रक्षणासाठी. स्टासीच्या साहेबांना कागद चोरून फाडावे लागले. आपल्याकडे ते ऑफिसच्या वेळेत होतं. कागद जाळायच्या आत माहिती अधिकारात मागायला गेलात, तर दिल्ली उच्च न्यायालयानं 2023 मध्ये सांगून ठेवलंय, की टॅपिंगची माहिती त्या कायद्यातून मागता येत नाही. ज्याला कळलं तो भांडतो, नाही असं नाही. मुंबईतल्या एका उद्योजकाच्या फोनचे 2009-10 मधले तीन आदेश मुंबई उच्च न्यायालयानं 2019 मध्ये बेकायदा ठरवून रद्द केले. त्याला कळलं ते त्याच्यावर खटला भरला म्हणून. ज्याच्यावर खटला नाही, त्या निर्दोष माणसाला आपलं ऐकलं गेलं हे कळायचा मार्गच नाही. निर्दोष असण्याचे काही तोटे असतात, हा त्यातला एक.

तरी गुरुजींनी अर्ज करायचा ठरवला. मास्तर माणूस, उत्तर येणार नाही हे माहीत असलं तरी प्रश्न नीट लिहिलेला असावा असं त्यांना वाटतं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणला, कागदाला समास आखला, आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘महोदय, निम्नस्वाक्षरीकर्त्याचा फोन आपल्या दप्तरी कोणत्या नावाने नोंदला आहे, ते कृपया कळवावे.’ मग खाली ‘अर्जदाराचे नाव’ या शब्दांशी येऊन पेन थांबला.

“लिवा की तुमचं,” दीड एकरवाला म्हणाला.

“माझं लिहिलं तर ते कळवतील, या नावाची फाईल नाही,” गुरुजी म्हणाले. “आणि ते खोटंही नसेल.”

चाचांनी गल्ल्यावरून हात पुसत वाकून कागद बघितला.

“माझं घाला गुरुजी,” ते म्हणाले. “माझ्या नावाची सापडायचा चान्स जास्त आहे.”