डाउनलोडला लावलंय

‘जेवलास का?’ या प्रश्नालासुद्धा ‘डाउनलोडला लावलंय, तेवढं झालं की बसतो’ असं उत्तर देणारा तरुण हल्ली प्रत्येक वाडीवस्तीवर एक तरी सापडतो. आमच्या माळेगाव बुद्रुकात त्याला टेरा म्हणतात. बारशाचं नाव आधार कार्डावर आहे, पण ते बँकेशिवाय कुणी वापरत नाही. वय तेवीस-चोवीस, इंजिनिअरिंगचे दोन विषय राहिलेले, पाठीवर सॅक. सॅकमध्ये लॅपटॉप आणि आईच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली, तळहाताएवढी, काळी हार्ड डिस्क. मोटरसायकलवर बसला की सॅक पाठीवरून पोटावर येते. खड्डा दिसला की त्याचा हात आधी सॅककडे जातो, मग ब्रेककडे.

त्या डिस्कमध्ये ॲनिमे आहे. जपानी कार्टून म्हणा, पण त्याच्यासमोर म्हणू नका. ही पिढी हंगामा वाहिनीवर हिंदी बोलणारा डोरेमॉन आणि शिनचॅन बघत चपाती-दूध जेवलेली. पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि वस्तीवरच्या पोरांना कळलं, की जपानात याहून बरंच काही शिजतंय. ‘नारुतो’चे २२० भाग, त्यापुढच्या ‘शिपुदेन’चे ५००. ‘वन पीस’ तर १९९९ च्या ऑक्टोबरात सुरू झालं ते अकराशेच्या पुढे गेलं तरी चालूच आहे. म्हणजे टेराच्या आधी जन्मलं आणि अजून कामाला लागलेलं नाही असं म्हणायची सोय नाही. कामाला लागलेलं नाही ते टेराच.

माझं दुकान ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा. कॉम्प्युटरला न घाबरणारा माणूस अशी गावात ख्याती असल्यामुळे टेराच्या सगळ्या शंका माझ्याकडे येतात. सुरुवात ठरलेली. दुकानात गर्दी ओसरेपर्यंत दाराशी उभं राहायचं, मग आत येऊन आवाज खाली करायचा : ‘सर, एक विचारू का? हसायचं नाय.’

पहिली शंका डिस्क घेतली त्याच दिवशी आली, आणि ती एकट्याने आली नाही, आण्णांना घेऊन आली. आण्णा म्हणजे टेराचे वडील. ‘खोक्यावर १ टीबी लिहिलंय, आत ९३१ जीबीच दावतंय,’ टेरा म्हणाला. आण्णांनी डिस्क हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला आणि म्हणाले, ‘काटा मारलाय.’ ज्या भागात ऊस पिकतो त्या भागात वजनकाट्यावर विश्वास ठेवणारा माणूस पिकत नाही. मी समजावलं, की कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि लॅपटॉप १०२४ च्या पटीत. माल तेवढाच, मापं दोन. आण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘मग इकताना त्येंचं माप आन् मोजताना आपलं,’ ते म्हणाले, ‘ह्येलाच काटा मारणं म्हंत्यात, सर.’ मला यावर आजतागायत उत्तर सुचलेलं नाही.

दुसरी शंका टॉरेंटची. ‘शंभर टक्के झालं. आता लगेच बंद करू का?’ ब्रॅम कोहेन नावाच्या अमेरिकन माणसाने २००१ मध्ये बिटटॉरेंट बाहेर काढलं. त्यातली युक्ती अशी, की फाईल एका मोठ्या यंत्रावरून सगळ्यांनी ओढायची नाही. तिचे बारीक तुकडे करायचे आणि ज्याच्याकडे जो तुकडा आला त्याने तो दुसऱ्याला द्यायचा. आपलं पूर्ण झालं तरी मशीन चालू ठेवणारा तो सीडर. घेऊन पळणारा तो लीचर. मी टेराला आमच्या गावच्या भाषेत सांगितलं, की हा साखर कारखान्यासारखा सहकार आहे : सभासदाने दिवाळीची साखर तेवढी न्यायची आणि ऊस मात्र घालायचा नाही, असं सगळ्यांनी केलं तर बॉयलर पेटणार कसा? माळेगावच्या पोराला हे पटकन कळायला हवं होतं. शिवनगरचा कारखाना सहकारी, घरी आण्णा सभासद, सर्वसाधारण सभेचा अहवाल फ्रिजवर ठेवलेला. टेराने मान डोलावली. ‘पटलं सर. पण आपलं झालंय ना?’ आणि त्याने बंद केलं.

नियतीने याचा सूड उगवला. एक जुनी मालिका ९९.८ टक्क्यांवर अडकली. सीडर शून्य. जगात कुणाकडे तरी तो उरलेला तुकडा आहे, आणि त्या माणसाने मशीन बंद ठेवलंय. टेरा रोज सकाळी तोंड न धुता लॅपटॉप उघडून बघतो. ‘लोकं लई स्वार्थी झालीत सर,’ असं म्हणाला तेव्हा त्याचा चेहरा खरोखर दुःखी होता.

घर मळ्यात, त्यामुळे वायफाय नाही, सगळं सिमवर. टेराच्या सिमवर रोज दीड जीबी, आईच्या सिमवर दीड, आज्जीच्याही तेवढाच. आज्जीला फोन फक्त लेकीशी बोलायला लागतो. रात्री बारा वाजता तिचा दीड जीबी वाया जातो हे टेराला सहन होत नाही. ताटात टाकायचं नाही हे संस्कार तिचेच. साडेअकराला तो तिचा फोन उशाखालून हळूच काढतो, हॉटस्पॉट लावतो आणि खिडकीत ठेवतो. तीनशे एमबीचा एक भाग धरला तर दीड जीबीत पाच बसतात. नारुतोचे दोन्ही मिळून ७२०, म्हणजे १४४ रात्री. एक अख्खा गाळप हंगाम म्हणा ना. कारखान्याचा पट्टा पडतो, टोळ्या गावाकडे परततात, आणि आज्जी लेकीकडे तक्रार करते, ‘माझा फोन रातचा तापतोय गं.’

शेतीची वीज आठ तास, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असलेल्या आठवड्यात दोन वाजता आण्णा बॅटरी घेऊन उसाला दारं धरायला निघतात तेव्हा टेरा जागाच असतो. आण्णांना याचं फार कौतुक. ‘पोरगं हाय म्हणून सोबत वाटती. नायतर आजकालची पोरं सात-आठला उठत्यात.’ मोटर बंद पडली तर स्टार्टर दाबायला टेरा धावतो, कारण लाईट गेली-आली याची बातमी त्याला बापाआधी लागते. नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन कधी सुटणार ते आण्णांना पाठ; सबस्टेशनला दुरुस्ती कधी आहे ते टेराला. दोघं मिळून शेत नीट चालवतात, हे गावात कुणी कबूल करत नाही.

उन्हाळ्यात डिस्क तापते म्हणून तो ती माठाशेजारी ठेवतो. शेजारच्या माळेगाव खुर्दात केंद्र सरकारची संस्था २००९ पासून उष्णता, दुष्काळ, क्षार यांचा पिकांवर कसा ताण येतो याचा अभ्यास करते. टेराच्या डिस्कची केस त्यांच्याकडे अजून गेलेली नाही, एवढंच.

मधल्या शंका झरझर सांगतो. नऊशे जीबी मोकळे असताना साडेचार जीबीचा सिनेमा डिस्कमध्ये शिरत का नाही? कारण डिस्क फॅट३२ पद्धतीने आखलेली. त्यात चार जीबीच्या वरची फाईल मावत नाही, एक्सफॅट करून घे. करताना सगळं पुसलं जाईल का? हो. सगळं म्हणजे सगळं? हो. यावर तो चार दिवस दुकानात फिरकला नाही. सुतकात होता.

त्याच डिस्कमध्ये बहिणीच्या लग्नाचं शूटिंगही होतं. बहिणीच्या सासरचे लोक फलटणहून आले, तेव्हा आण्णांनी फर्मान काढलं : लग्न लावा. टेरा नेमका पाव्हण्यांसाठी भजी आणायला गेलेला. आण्णांनी स्वतः डिस्क टीव्हीला खोचली आणि पहिल्या फाईलवर बटण दाबलं. फाईल नव्या पद्धतीने दाबून बसवलेली, टीव्ही जुना. त्यामुळे चित्र आलं नाही, आवाज मात्र खणखणीत आला. काळ्या पडद्यासमोर दोन्हीकडची चौदा माणसं हात जोडल्यासारखी बसली आणि जपानी ऐकू लागली. आता दिसेल, मग दिसेल. मध्येच कुणीतरी जिवाच्या आकांताने किंचाळलं, तलवारी वाजल्या. व्याही अदबीने म्हणाले, ‘भटजी कुठले आणले होते?’ आज्जीने तर अंदाजाने दोन वेळा अक्षताही टाकल्या.

आता हे सगळं कायद्यात बसतं का? बसत नाही. टॉरेंट हे तंत्र बेकायदा नाही, लिनक्स वापरणारे ते राजरोस वापरतात. पण दुसऱ्याच्या मालकीची मालिका परवानगीशिवाय उतरवणं १९५७ च्या कॉपीराइट कायद्याला मान्य नाही. शिवाय टॉरेंटमध्ये घेता घेताच तुकडे वाटलेही जातात, त्यामुळे ‘मी फक्त घेतलं’ ही सबबही लंगडी पडते. ‘म्हंजी पोलीस घरी येत्यात का?’ हा टेराचा प्रश्न. मी म्हटलं, पोलिसांचं सोड, ज्यांनी रात्र रात्र बसून ती चित्रं काढली त्यांचं काय? महिन्याचे थोडे पैसे भरले तर हेच आता अधिकृत मिळतं, काही तर हिंदीतसुद्धा. तो म्हणाला, ‘पण सर, तिथलं उद्या काढून टाकलं तर?’ हे मात्र खोटं नाही. अधिकृत ठिकाणच्या मालिका करार संपला की गायब होतात, आणि भरलेले पैसे भाड्याचे असतात. ज्या घरात वर्षाची ज्वारी भरून ठेवल्याशिवाय पावसाळ्याला सामोरं जात नाहीत, त्या घरातल्या पोराला भाड्याची गोष्ट पटणं अवघड. फक्त ज्वारी पुढे खाल्ली जाते. टेराच्या डिस्कमधलं काही बघितलं गेल्याची माझ्याकडे नोंद नाही. विचारलं की म्हणतो, ‘सगळं जमलं की निवांत बघणार.’

अलीकडे त्याच्यासाठी स्थळं बघतायत. शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी मिळणं आमच्या भागात किती अवघड झालंय ते सांगायला नको, त्यामुळे इंदापूरकडून एक स्थळ स्वतःहून आलं तेव्हा घरात दिवाळी. मुलगी बीएस्सी ॲग्री. मोठी माणसं ओसरीवर ऊसदराचं बोलत बसली आणि दोघांना पाच मिनिटं आतल्या खोलीत दिली. तिने आवड विचारली. टेराने छाती फुगवून सांगितलं, ‘ॲनिमे. जवळजवळ एक टीबी.’ मुलगी एकदम खुलली. तिने महिन्याची वर्गणी भरून, बसने कॉलेजला जाता-येता मोबाइलवर नारुतो पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला होता. तिने विचारलं, ‘मग तुम्ही फिलर बघितले की सोडले?’

टेराने म्हणे घसा खाकरला आणि ‘ते डाउनलोडला लावलंय’ असं सांगितलं.

पाव्हण्यांची गाडी फाट्याच्या पुढे गेली नसेल, तोच तो माझ्या दुकानात. नवा शर्ट, कपाळाला कुंकू, धाप लागलेली. गर्दी होती तरी थांबला नाही.

‘सर, एक विचारू का? हसायचं नाय. फिलर म्हंजी काय?’