दिवेकरांचे उजेडखाते

ज्या गृहस्थांविषयी मी लिहीत आहे त्यांचे खरे आडनाव निराळे आहे. परंतु पुण्यातल्या आमच्या सोसायटीत त्यांना दिवेकर याखेरीज दुसऱ्या नावाने कोणी ओळखत नाही, आणि अलीकडे कुरिअरवाल्यानेही ते नाव मान्य केले आहे. दिवेकरांपाशी एक काळी मोटार आहे. काळाच रंग का, असे विचारण्याचे धाडस मी एकदा केले, तेव्हा "पांढऱ्यावर दोष दिसत नाहीत हो," असे ते अशा स्वरात म्हणाले, की दोष दिसू नयेत अशी इच्छा बाळगणारा मनुष्य त्यांना बहुधा नीतिभ्रष्टच वाटत असावा.

रात्री जेवणखाण उरकून इतर सभासद निद्रेच्या तयारीला लागतात त्या सुमारास अर्धी विजार, गुडघ्याला पट्टी आणि खिशात तीन-चार दिवे अशा थाटात दिवेकर पार्किंगमध्ये उतरतात, आणि पंचनाम्यास प्रारंभ होतो. पहिली जबानी छतावरच्या ट्यूबलाइटची. हा साक्षीदार त्यांच्या मते फितूर; त्याचा लांबट, पसरट उजेड सगळ्या रेघा पोटात घालतो. मात्र बोनेटवर पडलेल्या त्याच्या प्रतिबिंबाची कड सरळ न दिसता थरथरली, की रंगाला संत्र्याच्या सालीसारखी खडबड आहे एवढे तरी रुजू होते. त्यानंतर बारीक, प्रखर एलईडीचा हातदिवा पुढे येतो, तो तिरपा धरून दिवेकर खाली वाकतात आणि खुद्द बोनेटलाच दरडावतात, "आता बोल!"

एकदा मला जवळ बोलावून त्यांनी तो चमत्कार दाखविला. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे उमटली होती; त्यांनी दिवा वीतभर सरकविला, तर जाळेही वीतभर सरकले. कोळी आतच बसला असावा अशी माझी समजूत होत असता दिवेकरांनी खुलासा केला, की रेघा मुळात गोल नसतातच, त्या सैरावैरा पसरलेल्या असतात. ज्यांची दिशा जुळते तेवढ्याच उजेड आपल्या डोळ्यांकडे परतवितात, म्हणून वर्तुळाचा भास होतो. या रेघा रोज सकाळी धुळीसकट कोरडे फडके फिरविणाऱ्या पोऱ्याच्या. त्याला त्याच दिवशी बडतर्फ करण्यात आले, आणि तेव्हापासून दोन बादल्या घेऊन दिवेकर स्वतःच गाडी धुतात.

हातदिवा ही त्यांच्या लेखी मामलेदार कचेरी. अखेरचे अपील सूर्याकडे. एका दुकानातून पॉलिश होऊन आलेली गाडी तिथल्या उजेडात आरशासारखी दिसली होती. दुसऱ्या दिवशी भर दुपारच्या उन्हात पॉलिशच्या मशिनने ओढलेले धूसर पट्टे बोनेटवर पिसाऱ्यासारखे फिरू लागले, आणि अल्कोहोलने पुसताच, वरच्या तुकतुकीत लेपाखाली बुजविलेल्या जुन्या रेघाही हजर झाल्या. ओलेत्या गाडीचा ताबा कधी घेऊ नये, पाणी रेघा भरून काढते, हा त्यांचा दुसरा दंडक. नवी गाडी भर पावसात ताब्यात घेतल्याचा सल त्यामागे आहे.

खरी अडचण शिक्षेची आहे. रंगावरचा पारदर्शक थर सुमारे 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाहूनही पातळ. रेघ घालवायची म्हणजे भोवतालचा थरच रेघेच्या तळापर्यंत घासून उतरवायचा, आणि एकदा उतरविलेला थर पुन्हा भरून येत नाही. प्रत्येक निकालासरशी आरोपीचे आयुष्य घटते. "मग खटले जरा कमी चालवा," असे वहिनी म्हणतात. त्यावर दिवेकर नवा दिवा मागवितात. हल्ली आलेला दिवा पिवळट 2700 पासून निळसर 6500 केल्विनपर्यंत रंग पालटतो, आणि ज्या छटेत सर्वांत जास्त रेघा दिसतात ती त्यांना सत्याच्या सर्वांत निकट वाटते. एवढा सगळा प्रपंच असून गाडी गेल्या महिन्यात दोनदाच फाटकाबाहेर गेली. बाहेर धूळ असते.

परवा रात्री वीज गेली. अख्खी इमारत काळोखात बुडाली असता पार्किंगचा एक कोपरा मात्र लग्नमंडपासारखा लखलखत होता, कारण चारही दिवे बोनेटभोवती मांडलेले. वॉचमन वहिनींचा निरोप घेऊन आला : पोळ्या तव्यावर आहेत, एक तरी दिवा वर पाठवा. दिवेकरांनी मानही वर केली नाही.

"मेणबत्ती लाव म्हणावं," ते म्हणाले. "रंग खरा दाखवण्यात तिच्याइतका प्रामाणिक दिवा नाही. पोळी करपली तर बरोबर दिसेल."