वजन माझं, हरकती घरच्यांच्या

माझं वजन उतरावं अशी घरातल्या प्रत्येकाची इच्छा आहे. ते आपल्या हातच्या जेवणावर उतरू नये, एवढीच प्रत्येकाची अट आहे.

डॉक्टरांनी कमरेला टेप लावला आणि सांगितलं, आपल्याकडच्या पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी. माझा आकडा मी सांगणार नाही. टेप पुरला एवढं खरं. घरी आल्यावर आईनं निकाल फिरवला. "हाडपेर मोठं हाये आपलं. तुह्या बापाचंही तसंच होतं."

मी तिला पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट सांगितली. त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन यडकिन यांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के आणि साहेबांची ९.१. म्हणजे दोष हाडांचा नाही, हाडांवर काय साचलंय त्याचा. आईनं सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाली, "त्या गोऱ्या डाक्टरले घरी कोनी आग्रह करत नसन बिचाऱ्याले."

मग काटोलच्या डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघर पोचवलेला मार्ग धरला. दिवसातून दोनदाच जेवायचं, एकेक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचं आणि मधे काही तोंडात टाकायचं नाही. घरानं हा नियम लगेच स्वीकारला. माझं पंधरा मिनिटांत आटोपतं. उठू लागलो की आई घड्याळाकडे बोट दाखवते. "पंचावन मिन्टं हायेत न? मंग घाई कायची? अर्धी पोई घे." नको म्हटलं की पोळी अर्धी होते, अर्धी नको म्हटलं की ती "अर्धीच तं हाये" होऊन ताटात पडते. तूप बंद केल्याचं मी जाहीर केलं, तेव्हापासून ती भातात बोटानं खळगा करते, त्यात तूप सोडते आणि वर वरण ओतते. वरून पाहणाऱ्याला पथ्याचा भात दिसतो. तिसऱ्या घासाला तूप लागतं, तोवर ताट उष्टं झालेलं असतं.

दोन जेवणांच्या मधल्या वेळेचा बंदोबस्त बाकीचे नातेवाईक करतात. शेगावहून परतलेला माणूस कचोरी न घेता आला, तर त्याला दर्शन तरी झालं का, अशी आमच्याकडे शंका घेतात. कचोरी गजानन महाराजांच्या गावातून आली म्हणजे ती प्रसादात धरायची आणि प्रसादाला नाही म्हणायचं नसतं. शेतात रोडग्यांचा बेत निघाला की चुलतभाऊ खास मला न्यायला येतो. गोवऱ्यांच्या आरातून रोडगा काढायचा, राख फडक्यानं झटकायची, फोडून त्यात तूप जिरवायचं आणि वर वांग्याची भाजी. एवढ्या लोकांसमोर डब्यातली काकडी काढायला वेगळ्या जातीचं धैर्य लागतं.

इतकं असूनही थोडं वजन उतरलं. त्याचा त्रास वेगळाच. कापूस पिकवणाऱ्या तालुक्यात माणूस बारीक होण्याची दोनच कारणं मानली जातात: एक तर शुगर निघाली, नाही तर बँकेची नोटीस. पोपटखेड रस्त्यानं सकाळी चालायला निघालो, तर मामेभावानं मोटरसायकल थांबवली. "काऊन भाऊ, गाडी इकली का?" खुलासा ऐकून न घेता त्यानं मला मागे बसवलं आणि घरापर्यंत आणून सोडलं. त्या दुपारी आईनं बायकोला स्वयंपाकघरात घेऊन हळूच विचारलं, "कर्जबिर्ज काहाडलं का त्यानं?"

तेव्हा मला समजलं, माझं वजन म्हणजे वडिलोपार्जित शेत आहे. कसायचं मी एकट्यानं, पण सातबाऱ्यावर नावं घरादाराची. परस्पर कमी केलं की हरकत येणारच.

अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या नोंदींवरून २००७ साली एक अभ्यास निघाला. १२,०६७ माणसं, ३२ वर्षं. भावंडांपैकी एक लठ्ठ झालं की दुसरं होण्याची शक्यता ४० टक्क्यांनी वाढते. नवराबायकोत ३७ टक्क्यांनी. शेजाऱ्यांचा परिणाम मात्र आढळला नाही. यावरून एवढंच सिद्ध होतं की त्या गावात कुंपणावरून भज्यांची ताटली येत नाही.

बायकोबद्दल तक्रार नाही, हिशेब आहे. मी नको म्हटलेली मोड आलेली मटकी ती खाते, मी टाळलेल्या फेऱ्या ती मारते. कनेक्टिकट विद्यापीठाचा २०१८ मध्ये एक अभ्यास छापून आला, त्यात १३० जोडपी सहा महिने पाहिली होती. जोडीतल्या एकानंच वजनाचं मनावर घेतलं तरी दुसऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांचं वजन तीन टक्के किंवा जास्त उतरलं. आमच्याकडे तो दुसरा माणूस ती आहे. सासूबाई तिच्याकडे कौतुकानं पाहतात, मग माझ्याकडे वळून म्हणतात, "जवाईबापू, तुमी कायच जेवले नाई."

शेवटी डॉक्टर म्हणाले, घरच्यांना घेऊन या, मी समजावतो. नेलं. आई समोर बसली, त्यांच्या सडपातळ अंगाकडे बराच वेळ पाहत राहिली. तेलाचा हिशेब, तुपाचे तोटे, सगळं तिनं मान डोलावून ऐकलं. मग विचारलं, "तुमच्या घरी सयपाक कोन करते?" डॉक्टर एकटे राहतात असं कळलं. दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यात डबा जाऊ लागला.

परवा तपासणीला गेलो, तर डॉक्टरांच्या शर्टाचं पोटावरचं बटण ताणलेलं होतं. वजनाचा विषय त्यांनी काढला नाही. मला म्हणाले, "हाडपेरच मोठं आहे तुमचं."