शहाण्यांची मंदी

१९२९ साली अमेरिकेत सुरू झालेली महामंदी दुष्काळातून आलेली नव्हती. कोठारांत गहू होता, कारखाने शाबूत होते, कामाला माणसे तयार होती. एवढे सगळे असताना देश उपाशी ठेवायचा तर तज्ज्ञच लागतात आणि अमेरिकेकडे ते मुबलक होते.

येल विद्यापीठाचे अर्विंग फिशर हे त्यांतले अग्रणी. शेअरचे भाव आता कायमच्या उंच पठारावर पोचले आहेत, असे त्यांनी ऑक्टोबर १९२९ मध्ये जाहीर केले. पठाराला कडा असतो, हा भाग बहुधा भूगोल विभागाकडे होता. फिशर निदान प्रामाणिक निघाले. स्वतःची संपत्तीही त्यांनी त्याच पठारावर ठेवली होती. बाकीचे लोक दहा-वीस डॉलर पदरचे घालून आणि उरलेले दलालाकडून उसने घेऊन शंभराचा शेअर घेत. भाव चढत होता तोवर प्रत्येकजण हुशार होता. उतरला तेव्हा दलालांनी वाढीव तारण मागितले, ते न मिळाल्यावर शेअर विकून टाकले आणि त्या विक्रीने भाव आणखी पडले. २४ ऑक्टोबरला रिचर्ड व्हिटनी या बड्या दलालाने बाजारात उभे राहून पडत्या पोलाद कंपनीचे शेअर चढ्या भावाने मागितले. टाळ्या पडल्या, पुढे त्याला न्यूयॉर्क शेअर बाजाराचे अध्यक्षपद मिळाले आणि १९३८ मध्ये अफरातफरीबद्दल तुरुंगवास. डाऊ जोन्स निर्देशांक सप्टेंबर १९२९ मध्ये ३८१ होता; जुलै १९३२ मध्ये तो ४१ उरला.

बाजार कोसळला म्हणजे मंदी येतेच असे नाही. तिला पुढे पोसावे लागते. १९३० मध्ये हजाराहून अधिक अर्थशास्त्रज्ञांनी आयातकर वाढवू नका, अशी विनंती केली. तज्ज्ञांचे बरोबर असण्याचा हा दुर्मीळ प्रसंग असल्याने राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी करवाढीचा कायदा सही करून लागू केला. इतर देशांनी त्याच मापाने परतफेड केली.

खरी कामगिरी मात्र बँकांच्या आघाडीवर झाली. डिसेंबर १९३० मध्ये न्यूयॉर्कची ‘बँक ऑफ युनायटेड स्टेट्स’ बुडाली. ती पूर्णपणे खासगी होती. सरकारी होते ते फक्त नाव, आणि अनेक गरीब ठेवीदारांनी ते खरे मानले होते. मग इतर बँकांपुढे रांगा लागल्या. १९३३ पर्यंत सुमारे ९,००० बँका मिटल्या. ठेवी गेल्या, कर्जे आटली, किमती पडल्या आणि किमती पडल्यामुळे जुनी कर्जे जड झाली. अशा वेळी, ऑक्टोबर १९३१ मध्ये, मध्यवर्ती बँकेने सोने देशाबाहेर जाऊ नये म्हणून व्याजदर दीड टक्क्यावरून साडेतीन टक्क्यांवर नेला. अशक्ताला लंघन घालावे तसा हा उपचार होता. अर्थमंत्री अँड्र्यू मेलन तर, हूव्हर यांच्या आठवणींनुसार, कामगार, शेतकरी, शेअर सगळ्यांचाच निकाल लागू द्या, व्यवस्था शुद्ध होईल, या मताचे होते. ते स्वतः देशातल्या अतिश्रीमंतांपैकी एक असल्यामुळे शुद्धीकरणाची त्यांना धास्ती नव्हती.

१९३३ मध्ये दर चार कामकऱ्यांतला एक बेकार होता. बेघरांच्या झोपडवस्त्यांना लोकांनी ‘हूव्हरव्हिल’ असे नाव दिले. हयात नेत्याचे नाव वस्तीला देण्याची प्रथा केवळ आपल्याकडचीच नाही. नवे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट आले, त्यांनी बँकांना सुट्टी दिली, ठेवींना विमा दिला, डॉलरची सोन्याशी असलेली गाठ सोडली. शेतमालाचे भाव चढावेत म्हणून त्याच वर्षी सुमारे साठ लाख डुकरांची पिल्लेही मारण्यात आली, तीही लोक उपाशी असताना. जरा बरे वाटू लागताच अंदाजपत्रक जुळवायची हौस आली आणि १९३७ मध्ये पुन्हा घसरण झाली. बेकारी खऱ्या अर्थाने हटवली ती महायुद्धाने.

मंदी हिंदुस्थानातही पोचली आणि कापूस, गहू, तेलबिया यांचे भाव कोसळले. सारा आणि सावकाराचे कर्ज मात्र तेजीतल्या भावांवर ठरलेले होते. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्ण परिमाण सोडले, तेव्हा १ शिलिंग ६ पेन्सांना पाउंडाशी बांधलेला रुपयाही सोन्याच्या तुलनेत घसरला आणि सोन्याचा भाव चढला. शेतकऱ्यांच्या घरचे दागिने मोडीत निघाले, सावकार आणि सराफांच्या हातून मुंबई बंदरात पोचले आणि बोटींनी लंडनला गेले. ही निर्यात थांबवा, अशी मागणी भारतीय व्यापाऱ्यांनी केली. सरकारने ती मानली नाही. लोक चढ्या भावाचा फायदा घेत आहेत, अशी सरकारची समजूत होती.