नाववाले अण्णा

डोंबिवलीत आमच्या सोसायटीत कुणाकडे मुलगी झाली की बर्फी वाटण्याआधी दाराला आतून कडी लावतात. कारण अण्णा.

अण्णा विमा कंपनीतून निवृत्त झाले आणि मुलींची नावं सुचवणं हा त्यांचा पूर्णवेळ उद्योग झाला. मिळकत शून्य, अपमान भरपूर. मुलग्यांच्या नावात त्यांना गोडी नाही. "मुलाचं काय, ठेवा अथर्व!" म्हणतात, आणि 'अथर्व' हा शब्द ते अशा सुरात उच्चारतात की बाकीचे लोक त्या सुरात 'डेंग्यू' म्हणतील. मुलीचं नाव मात्र असं हवं की भर बाजारात हाक मारली तर एकच मान वळली पाहिजे.

ह्याचं मूळ त्यांच्या स्वतःच्या नावात आहे. अण्णांचं नाव सुरेश. शाळेत वर्गात पाच सुरेश होते. थोरला सुरेश, चष्मेवाला सुरेश, स्टेशनजवळचा सुरेश अशी वाटणी होत होत अण्णांच्या वाट्याला 'दुसरा सुरेश' एवढंच उरलं. पुढे कचेरीतही एक सुरेश निघाला, आद्याक्षरांसकट. त्याची बढती आणि अण्णांचा मेमो यांची एकदा टेबलावर अदलाबदल झाली. मेमो परत आला, बढती काही तासांत काढून घेतली गेली. बायको मिळाली तीही मंगला, आणि इमारतीत आधीच्या तीन होत्या.

म्हणून आपटेंचा संस्कृत कोश, चित्रावशास्त्र्यांचा प्राचीन चरित्रकोश आणि विम्याच्या जुन्या डायरीत उतरवून काढलेली एक यादी, एवढ्या सामानानिशी अण्णा बाळंतिणीच्या घरी हजर होतात. ही यादी 'बृहद्देवता' ग्रंथातली, ऋग्वेदातल्या 27 ब्रह्मवादिनींची. तिच्यातल्या श्रद्धा, मेधा, अदिती, उर्वशी लोकांनी केव्हाच उचलल्या. त्या अण्णांनी लाल शाईने खोडल्या आहेत. राहिल्या त्या पोरक्या. अण्णांचा सगळा जीव ह्या पोरक्यांवर. नाव पोरीसाठी शोधायचं असतं असा लोकांचा समज असतो. अण्णा नावासाठी पोर शोधत असतात.

आता ही नावं मागे का राहिली ह्याला थोडीफार कारणं आहेत. रोमशा म्हणजे केसाळ. गोधा म्हणजे घोरपड. सरमा ही इंद्राची कुत्री. पण अण्णांना अर्थाची लाज नाही. दुसऱ्या मजल्यावर नात झाली तेव्हा त्यांनी 'अपाला' पुढे केलं. आजीबाई भाबड्या, त्यांनी विचारलं, "कोण हो ही?" झालं. पाळण्याशेजारी खुर्ची ओढून अण्णांनी आठव्या मंडलापासून सुरुवात केली. अपाला अत्रींची मुलगी, तिला त्वचेचा रोग, त्यावरून नवऱ्याने टाकलेली. मग इंद्राने तिला रथाच्या भोकातून ओढून काढलं, असं तीनदा, आणि दर खेपेला तिची कातडी निघाली. पहिलीची झाली साळिंदर, दुसरीची घोरपड, तिसरीचा सरडा. "आणि मग काय कांती आली म्हणता!" अण्णा तल्लीन होऊन म्हणाले. आजींनी बाळावर दुपटं ओढलं. तेल लावणाऱ्या बाईंनी हात थांबवले. मंडळींचा चेहरा पाहून अण्णांनी मोठ्या मनाने पर्याय दिला, "बरं, मग घोषा? तिलाही त्वचारोगच होता, पण अश्विनीकुमारांनी बरा केला." त्या मुलीचं नाव अनन्या ठेवलं. अनन्या म्हणजे जिच्यासारखी दुसरी नाही. बालवाडीत ती आता अनन्या क्रमांक तीन आहे, आणि हे सांगायला अण्णा मुद्दाम जिना चढून गेले होते.

जुहूचं प्रकरण तर इमारतीत अजून सांगतात. दहाव्या मंडलातलं एक सूक्त जुहू नावाच्या ब्रह्मवादिनीच्या नावावर आहे, हे शंभर टक्के खरं. पण मुलीचा बाप म्हणाला, "अण्णा, जुहूला आम्ही भेळ खायला जातो." अण्णांनी अर्थ सांगितला, यज्ञात तूप ओतायची पळी. "म्हणजे मुलीचं नाव पळी?" बाप बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "आणि पुढे मुलगा झाला तर वर्सोवा?"

जन्मनक्षत्राच्या अक्षराने बाकीचे अडतात, अण्णा तिथे खुलतात. 27 नक्षत्रांचे चार-चार चरण, म्हणजे 108 अक्षरं, आणि त्यांत ङ, ञ आणि ण सुद्धा. हस्ताच्या तिसऱ्या चरणावर मुलगी जन्मली की अक्षर येतं 'ण'. ज्योतिषी अशा वेळी जवळचं अक्षर घ्या म्हणून मोकळा होतो. अण्णा म्हणाले, "छे! संस्कृतात अडतं ना, मग प्राकृतात चला. महाराष्ट्री प्राकृतात आरंभीच्या न चा ण होतो. हालाची गाथासप्तशती बघा. मुलीचं नाव णलिणी." घरात शांतता पसरली. पणजीबाईंचं नाव नलिनी होतं, आणि त्या कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. "माझं नाव असं सर्दी झाल्यासारखं का घेतोस रे?" त्यांनी विचारलं.

हल्लीच्या सुना मोबाईलवरून नावांची यादी काढतात, त्यावर मात्र अण्णा पेटतात, आणि इथे मी त्यांच्या बाजूचा आहे. त्या यादीत निम्म्या नावांपुढे अर्थ लिहिलेला असतो, 'लक्ष्मीचं एक नाव'. उरलेल्या निम्म्यांपुढे, 'सूर्याचा पहिला किरण'. "एवढी नावं लक्ष्मीला तरी ठाऊक आहेत का?" असं विचारून अण्णा आपटे उघडतात, शब्द सापडत नाही, आणि मग सून व अण्णा एकमेकांशी महिनाभर बोलत नाहीत. तेवढ्यात बारसं उरकतं, घुगऱ्या संपतात. अण्णांना बाराव्या दिवसाची ही घाईच मान्य नाही. जन्मनोंदणीत नावाची जागा कोरी ठेवून वर्षभरात नाव कळवता येतं, शुल्क लागत नाही, हे कलम त्यांना पाठ आहे. त्यांच्या नादाने एक मुलगी अकरा महिने 'बाळ' राहिली. चालायला लागली तरी बाळ.

एकदाच अण्णांना नावांवर वाद न घालताना पाहिलं. 2011 च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात 'नकोशी' नावाच्या 285 मुलींना नवी नावं दिली, ती बातमी वाचताना. कुणी ऐश्वर्या घेतलं, कुणी वैशाली, कुणी सावित्री. सगळी चारचौघींची नावं. मला वाटलं, आता ब्रह्मवादिनी निघणार. अण्णांनी बातमी कापून डायरीत ठेवली आणि म्हणाले, "ह्या कामाला मला बोलवायला हवं होतं. मी काही सुचवलं नसतं, नुसता बसलो असतो."

त्यांच्या स्वतःच्या मुलीचं नाव विश्ववारा. पाचव्या मंडलात सूक्त आहे तिच्या नावावर. नाव दणदणीत, रोग नाही, घोरपड नाही. शाळेत बाई 'वारा' म्हणायच्या, बँकेत 'विश्वराव' म्हणून पासबुक आलं, आणि सध्या ती न्यू जर्सीत एडिसनला असते, तिथे कचेरीत सगळे तिला 'व्ही' म्हणतात. मागच्या महिन्यात तिला मुलगी झाली. अण्णा गर्भार महिन्यांपासून तयारीत होते, पण दवाखान्यातून घरी सोडायच्या आधीच तिथे नावाचे कागद पुढे येतात. फोनवर ती म्हणाली, "बाबा, ठरलं. इरा."

"इरा!" अण्णा खुर्चीत बसले. "अगं आपल्याच सोसायटीत तीन इरा आहेत. आणि अक्षरं दोन. आश्वलायन गृह्यसूत्र काय म्हणतं? मुलांना सम अक्षरं, मुलींना विषम."

"विश्ववारा मोजा बरं," मुलगी म्हणाली.

अण्णांनी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. मंगलाकाकू आतून म्हणाल्या, "चार. मी तेव्हाच म्हटलं होतं."

पण हार मानतील ते अण्णा कसले. तासाभराने त्यांनीच फोन लावला. "हे बघ, इरावती कर्वे 1905 साली ब्रह्मदेशात जन्मल्या, तिथल्या नदीवरून त्यांचं नाव ठेवलं इरावती. तेव्हा हे नाव आपल्याकडे किती जणींचं होतं? तुझी इरा म्हणजे त्याच नावाची शेपूट तोडलेली आवृत्ती. मूळ तत्त्व धर. जिथे जन्म, तिथली नदी. तुमच्याकडे कुठली नदी आहे?"

"रॅरिटन," मुलगी म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिला आपली चूक कळली.

"थांब," अण्णा म्हणाले. पानं उलटल्याचा आवाज एडिसनपर्यंत गेला असावा. "रा. धातू आहे. अर्थ, देणे. वा! रा-रि-ता. तीन अक्षरं, व्ही, मोज. तीन!"