ओलबाईंस अनावृत पत्र

सौ. ओलबाई यांस,
मु. पो. मोटारहोमची भिंत, वॉलपेपरच्या मागे, ग्रेट ब्रिटन.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्या कर्तबगारीची दखल अजून कुणी नीट घेतलेली नाही. पहिल्यांदाच जुनी मोटारहोम घ्यायला निघालेलं जोडपं काय काय बघतं! पडदे बघतं, गादीवर बसून बघतं, शेगडी पेटवून बघतं. मग नवरा बॉनेट उघडतो. इंजिनातलं ओ की ठो कळत नसताना गंभीरपणे मान डोलावतो. आपण मात्र हातभर अंतरावर अंग चोरून बसलेल्या. काय हा विनय!

आपल्या गृहप्रवेशाला तर दादच द्यावी. या गाड्यांची खोली म्हणजे बहुतेकदा लाकडी सांगाडा, आतून पातळ प्लाय, बाहेरून ॲल्युमिनियम किंवा फायबर, मध्ये थर्माकोल, आणि सांधे मॅस्टिकने बुजवलेले. ते मॅस्टिक ऊन-थंडी खाऊन सुकलं, तडकलं, की आपल्याला आमंत्रण पोचलं. छतावरची झडप, खिडक्यांच्या चौकटी, बाहेरच्या छपरीची पट्टी जिथे बसवतात ती स्क्रूची भोकं, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरचा तो पलंग, ज्यावर पोरं सगळ्यात आधी चढतात, ही आपली माहेरघरं. आत आल्यावर आपल्याला घाई नसते. चार-पाच हिवाळे निवांत काढायचे. तोवर वॉलपेपर जेमतेम फुगलेला दिसतो, मागचं लाकूड मात्र नखाने उकरता येतं.

सरकारही आपल्याच बाजूचं. तीन वर्षांहून जुन्या गाडीची दरवर्षी एमओटी नावाची तपासणी होते. तीत ब्रेक, दिवे, टायर, धूर, चेसिसचा गंज, सगळं तपासतात. राहत्या खोलीची भिंत ओली आहे का, हे बघणं त्यांच्या कामात बसतच नाही. म्हणजे ‘वर्षभराची एमओटी’ ही जाहिरात अक्षरशः खरी, आणि आपणही आत सुखरूप.

गिऱ्हाईक हमखास भुलतं ते कमी मैलांना. ‘गाडी फारशी चाललेलीच नाही हो!’ खरंय. ती अंगणात झाडाखाली उभी होती, पाऊस अंगावर घेत. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी असली तरी रबर म्हातारं झालेलं असतं. टायमिंग बेल्टही मैलांइतकाच वर्षांनी पिकतो. पण ही मंडळी निदान बदलता तरी येतात. आपल्याला काढायचं तर फर्निचर उचकटा, भिंत सोला, सांगाडा नव्याने भरा. ते बिल पाहिल्यावर स्कॉटलंडची सहल फोटोंतच बरी वाटते.

विक्रेत्यांचं सौजन्य तर विचारूच नका. आत पाऊल टाकावं तर लॅव्हेंडरचा घमघमाट! कोकणातले चार-चार महिने आपल्याबरोबर काढलेले आमचे लोकही त्या सुवासापुढे आपला कुबट वास ओळखत नाहीत, याला काय म्हणावं? आणि एखाद्याच सांध्यावर ताजं, पांढरंशुभ्र मॅस्टिक दिसलं, की त्याला ‘देखभाल’ म्हणायचं.

आपल्याला एका गोष्टीची मात्र धास्ती असावी. हातात मावेल एवढं ओल मोजायचं यंत्र. काटा १५ टक्क्यांच्या आत असला तर आपण घरी नाही. २० च्या वर गेला तर चौकशी हवी. ३० च्या पुढे बहुधा आपण बिऱ्हाड थाटलेलं असतं. राहत्या खोलीच्या दरवर्षीच्या तपासणीत, म्हणजे हॅबिटेशन सर्व्हिसमध्ये, हे आकडे कोपऱ्या-कोपऱ्यानुसार कागदावर उतरवतात. तो कागद नेमका ‘सापडत नाहीये’, याला आपली पुण्याई म्हणायची की विक्रेत्याची?

व्यापाऱ्याकडून घेतलेली गाडी सदोष निघाली, तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार ३० दिवसांत परत करून पैसे मागता येतात. खासगी विक्रेत्याकडून घेतली आणि त्याने जाहिरातीत धडधडीत खोटं लिहिलेलं नसलं, तर आपण गाडीबरोबर फुकट मिळता.

कळावे. लोभ नसावा, ही विनंती.

ता. क. हे पत्र वाटेत फोडून वाचणाऱ्यांसाठी: गाडी बघायला भर पावसात जा. गाद्या उचला, कपाटांचे आतले कोपरे अंगठ्याने दाबा, दाराजवळची जमीन पायाखाली दबते का बघा. ओलीचा कागद नसेल आणि स्वतःच्या खर्चाने तपासणी करून घ्यायलाही विक्रेता का-कू करत असेल, तर पडदे कितीही आवडोत, विसार देऊ नका.